सुपडूनानांचं पान

सुपडूनानांना जेवताना मी शेवटचं कधी पाहिलं, हे ठरवायला एकदा माझ्या जुन्या वह्या काढून बसले. आमच्याकडच्या प्रत्येक कार्यक्रमाची यादी मी ठेवते. किती माणसं, किती वांगी, किती पीठ, कोण काय आणणार, कोण कोणाच्या गाडीत बसणार. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनच्या सगळ्या वह्या माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांत नाना पानोपानी सापडले. ‘विस्तव: नाना.’ ‘वाढणं: नाना.’ ‘मोठी पातेली परत पोचवणं: नाना.’ जेवणाऱ्यांच्या रकान्यात मात्र त्यांचं नाव एकदाही नव्हतं.

नाना तोंडाच्या कॅन्सरने गेले. तो आहे हे कळायला आम्हाला तीन वर्षं उशीर झाला. आम्हाला म्हणजे मला. बाकीच्यांकडे वह्या नव्हत्या.

ते माझ्या सासऱ्यांचे सगळ्यात धाकटे भाऊ. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर यांना सुपात घालून ओढलं आणि नाव ठेवलं सुपडू. धुळे डेपोत आयुष्यभर एसटीचे कंडक्टर होते. निवृत्त झाले, पुढे काकू गेल्या, मुलगा दीपक कामासाठी सुरतेला गेला, आणि नाना धुळ्यात दोन खोल्यांत एकटे राहू लागले. स्वतःचं स्वतः करून खायचे. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

कार्य कोणाचंही असो, नाना आदल्या दिवशी हजर. खांद्याला डेपोतली जुनी कातडी पिशवी. आत तिकिटांऐवजी एक धारदार सुरी, एक लांब दांड्याचा डाव, दोन जुने पंचे आणि तंबाखूची पुडी. पंगत बसली की त्या डावाने पातेल्याच्या कडेवर दोन टोले मारायचे, टण टण. वाढायला सुरुवात. कुणी मध्येच उठलं, पाणी सांडलं, लहान मूल आडवं आलं, तर एकच टोला. सगळे वाढपी जागच्या जागी थांबत. आमच्या घरातल्या मुलांना शाळेच्या घंटेआधी नानांची घंटा कळली.

मी नवी सून म्हणून पहिल्यांदा एरंडोलजवळच्या आमच्या मळ्यावर भरताच्या पार्टीला गेले, तेव्हा वही काढून विचारलं, “नाना, वांगी किती किलो सांगू?”

नानांनी माझ्याकडे, मग वहीकडे पाहिलं. “किलोवर नही व. माणूस मोज. मंग माणूस कितला भुक्या शे ते मोज.” आणि संजयला, माझ्या दिराला, हाक मारून म्हणाले, “संज्या, तुना भाऊनी यादीवाली लई आनी रे!”

तेव्हापासून मी यादीवाली. मंगला हे माझं नाव त्यांनी फारसं घेतलंच नाही.

वांगं निवडणं त्यांनीच शिकवलं. आमच्याकडचं भरताचं वांगं मोठं, हिरवट पांढरं असतं. दोन सारख्या आकाराची हातात घ्यायची, हलकं लागेल ते ठेवायचं, जड ते बियांचं. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा आणि वांगं सारखं फिरवत राहायचं. “एक बाजू कच्ची राह्यनी, का बठ्ठं भरीत कच्चं,” हे ते दर हिवाळ्यात म्हणत, आणि दर हिवाळ्यात कुणीतरी एक बाजू कच्ची ठेवत असे. मग साली काढून लाकडी बडगीत, म्हणजे खोल परातीसारख्या भांड्यात, मुसळीने ठेचायचं. वरून लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी, कांदा आणि मुळा. फैजपूरकडून नणंदबाई केळीची पानं पाठवायच्या. पहिल्या पंगतीसमोर नाना डाव घेऊन उभे राहत आणि लोकांच्या तोंडांकडे बघत. आम्हाला वाटायचं, कौतुक ऐकायला उभे आहेत. संजय मुद्दाम म्हणायचा, “नाना, आज काही जमलं नाही बरं का.” नाना हसत नसत. खरंच बघत असत.

“तुम्ही बसा ना आता,” असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं होतं.

“कंडक्टर पहिले बठस का? गाडी भराई जाऊ दे, मंग मी.”

गाडी भरायची. लोक हात धुऊन खाटांवर आडवे व्हायचे. बायका शेवटच्या पंगतीला बसायच्या, त्यानंतर भांडी. नाना त्या गडबडीत कुठेतरी जेवून घेत असतील, अशी सगळ्यांची समजूत. मी ताटं मोजायची, पानं मोजायची, उरलेल्या भाकऱ्या मोजायची. नानांचं पान मोजायचं मला कधी सुचलं नाही. ते कामाच्या रकान्यात होते.

त्यांना मनापासून जेवताना पाहिलं ते पारोळ्याच्या अलीकडच्या एका ढाब्यावर. पुतणीसाठी स्थळ बघून आम्ही जळगावला परतत होतो. स्थळ काही पसंत पडलं नव्हतं. नाना थेट ढाब्याच्या भटारखान्यात शिरले आणि आचाऱ्याला म्हणाले, “शेव कधळनी शे?”

“आजचीच आहे, बाबा.”

नानांनी एक शेव बोटांत मोडली. आवाज ऐकला. “ही कालनी. आजनी काढ.”

आचाऱ्याने मुकाट्याने दुसरा डबा काढला. मग शेवभाजी आली, वर बोटभर लाल तर्री. नानांनी डोक्याला पंचा गुंडाळला, भाकरी कुस्करली, आणि कपाळावरून घाम निथळेपर्यंत जेवले. मध्ये एकदा मान वर करून माझ्या नवऱ्याला म्हणाले, “विजू, पोरगी देवाना घरमा पहिले त्यासनी शेवभाजी खाई देखो. ज्यासनी तर्रीमा पानी घाल, त्यासना घरमा पोरगी देऊ नही.” बाहेर येऊन पुडी काढली, तंबाखू मळली, खालच्या ओठात ठेवली. मी म्हटलं, “नाना, हे सोडा आता.”

“डेपोनी दिधेल सवय शे. पेन्शनसंगे उनी.”

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसाच्या पानावर मी ढाब्याचं ठिकाण लिहून ठेवलंय आणि पुढे ‘चांगला. पुन्हा थांबावं.’

पुन्हा थांबलो ते चारेक वर्षांनी, कुणाच्या तरी वर्षश्राद्धाहून येताना. नानांनी सगळ्यांसाठी शेवभाजी सांगितली, आतून डबा तपासून आले, आणि स्वतःसाठी ग्लासभर दूध घेतलं. त्यात रोटी बुडवून, अगदी मऊ करून, बाजूच्या दातांनी खाल्ली.

“काय झालं, नाना?”

“काय नही व, पित्त शे.”

मी वहीत लिहिलं: ‘नाना: तिखट कमी.’

याला मी माझी तत्परता समजत होते. पुढच्या अखजीला मी आठवणीने त्यांच्यासाठी फिकं वरण वेगळं काढलं. अखजी म्हणजे आमच्याकडे अक्षय्य तृतीया, वर्षातला सगळ्यात मोठा सण. घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, चुलीतले निखारे पुढ्यात घेऊन त्यांच्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा. त्या घासाला आगारी म्हणतात. आगारी दिल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. काकूंच्या नावाची आगारी नाना स्वतः टाकायचे. घास नीट जळेपर्यंत हलायचे नाहीत. त्या वर्षी आगारी झाल्यावर मी वरणाची वाटी पुढे केली, तर त्यांनी ती गार होऊ दिली आणि भात कालवून अर्धी घेतली. मी लिहिलं: ‘नाना: भाकरी नको. भात, गार.’ त्यानंतरच्या हिवाळ्यात, ‘नाना: पोळीही नको. मऊ खिचडी.’ त्यानंतर, ‘नाना: ताक.’

त्याच दोन-तीन वर्षांत नाना मला मीठ बघायला बोलावू लागले. मळ्यावर बडगीतलं भरीत ठेचून झालं की चाळीस माणसांत ते मलाच हाक मारायचे. “यादीवाली, मीठ देख व जरा.” मी डावाच्या टोकावरून चाखायची आणि सांगायची, चिमूट घाला, किंवा राहू द्या. ते माझ्या तोंडाकडे बारकाईने बघायचे आणि मी म्हणेन तसं करायचे. माझ्या दोन जावा इतकी वर्षं या घरात, त्यांना हा मान कधी मिळाला नव्हता. संजय म्हणालासुद्धा, “काय वहिनी, आता नानांची जीभ म्हणजे तुम्हीच.” मला ते फार आवडलं होतं.

आमच्या मुलीचा, पूर्वाचा साखरपुडा जळगावला झाला. हॉलवाल्याचा आचारी असूनही नानांनी वरण-बट्टी स्वतःच्या हातात घेतली. बट्ट्या तळून झाल्या, पंगती उठल्या, आणि फोटोवाल्याने मोठ्या माणसांना पुढे बोलावलं. मुलीने प्रत्येकाच्या तोंडात पेढा घालायचा, असा फोटो हवा होता. नाना मागे सरकत होते. संजयने हाताला धरून आणलं.

पूर्वाने पेढा पुढे केला. “आ करा, नाना.”

नानांनी तोंड उघडलं. करंगळीएवढी फट पडली.

“अजून मोठा आ! नाना, लाजता काय?” फोटोवाला ओरडला.

“अरे, नाना लाजले!” संजयने टाळी वाजवली. हॉलभर हशा. पूर्वाने हसत हसत पेढा ढकलला, तो ओठांवर फुटला आणि अर्धा सदऱ्यावर पडला. नानांनी उरलेला हातात घेतला. वाटाण्याएवढा तुकडा मोडला, ओठाच्या कोपऱ्यातून आत सारला आणि डोळे मिटून घेतले. लोकांना तो गोडवा वाटला. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि जबडा थरथरत होता.

मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. “नाना, तोंड दाखवा.”

“तोंड येल शे, दुसरं काय नही.”

“दाखवा.”

“आज पोरगीना साखरपुडा शे, मंगला. उद्या देखजो.”

त्यांनी मंगला म्हटलं, तेव्हा मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जळगावातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. नानांचं एक बोट गेलं, तेही कष्टाने. आत बॅटरी मारून डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “हे किती दिवसांपासून आहे, बाबा?”

“उन्हाळामा जरा तोंड येल व्हतं.”

“कोणत्या उन्हाळ्यात?”

नाना माझ्याकडे बघू लागले. मी पर्समधून वही काढली. आदल्या दिवशीच्या याद्यांसाठी ती बरोबर होती, आणि आधीच्या दोन वह्या तिलाच जोडून शिवलेल्या होत्या. मी पानं उलटत वाचत गेले. दूध आणि पित्त. तिखट कमी. भाकरी नको. भात, गार. मऊ खिचडी. ताक. प्रत्येकावर तारीख होती. वाचता वाचता माझा आवाज खाली जात गेला. डॉक्टरांनी वही माझ्या हातातून घेतली, स्वतः पाहिली आणि परत दिली.

“ताई, एवढं कुणी लिहून आणत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, “नाना, मला का नाही सांगितलं? मीठ बघायला बोलवत होतात, तेव्हा तरी सांगायचं.”

“सांगतू तर तुम्ही माले चूलपासून उठाडी देतात,” नाना म्हणाले. “खाटवर बठाडी ठेवतात. मंग मी तठे काय करू?”

“मग इतकी वर्षं चव घेतल्याशिवाय कसं करत होतात?”

“तुमना तोंडवर दिखस व. पहिली पंगतमा उभा राह्यना का बठ्ठं समजस.”

कौतुकासाठी उभा राहणारा म्हणून आम्ही ज्या माणसाची थट्टा केली, तो आमच्या तोंडांवरून मीठ वाचत होता.

पुढचं सगळं मी व्यवस्थित केलं. फाइल केली, तपासण्यांचे कागद क्रमाने लावले, दीपकला सुरतेहून बोलावलं, कोणत्या दिवशी कोण सोबत जाणार याचा तक्ता भिंतीवर लावला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. रेडिएशनचे शेक दिले. जबडा पूर्ण मिटला आणि नाकातून नळी घातली. दीपकने त्यांना सुरतेला नेलं, तर दोन महिन्यांत परत आले. दीपक बिचारा हात जोडून म्हणाला, “वहिनी, आम्ही काही कमी केलं नाही.” ते खरं होतं. नाना म्हणाले, “सुरतमा चूल नही.” मग ते आमच्याकडेच राहिले. दर तीन तासांनी मोठ्या सिरिंजने मी नळीतून डाळीचं पाणी, दूध, कांजी सोडायची. गार करून, गाळून. याचीही वही होती.

थंडी पडल्यावर त्यांनी पिशवी शोधायला सुरुवात केली. बोलणं अस्पष्ट झालं होतं, पण ‘भरीत’ कळत होतं. विजय म्हणाले, “या वर्षी नको, नाना. दगदग होईल.” नानांनी सुरी, डाव आणि पंचे पिशवीत भरले, आणि सकाळीच दाराशी जाऊन बसले. पुडी तेवढी नव्हती.

मळ्यावर त्यांना विस्तवाजवळ खाट टाकली. ते खाटेवर टेकले नाहीत. नाकातली नळी पंच्याखाली गालाला चिकटवून, खाली बसून वांगी फिरवत राहिले. ठेचायला संजय बसला. फोडणी जावेने दिली. सगळं ठरल्याप्रमाणे वेळेवर झालं. मीठ बघायला मला कुणी हाक मारली नाही, आणि वाढण्याच्या गडबडीत माझ्याही लक्षात आलं नाही. नानांनी दोन टोले मारले, टण टण, आणि पहिली पंगत बसली. ते पंगतीसमोर उभे राहिले. लोक त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ‘छान झालंय, नाना,’ असं खाली मान घालूनच म्हणत होते. कांद्या-मुळ्याच्या फोडी भराभर संपत होत्या.

नानांनी मला खुणेने बोलावलं. ओठांच्या फटीतून, एकेक शब्द करून म्हणाले, “बठ्ठा कांदा-मुळा खाई राह्यनात. मीठ कमी शे.”

मी चाखलं. खरंच कमी होतं. तोपर्यंत वीस माणसं जेवली होती आणि प्रत्येकाने छान म्हटलं होतं.

शेवटची पंगत बसायची वेळ आली. नेहमीच्या सवयीने संजयचा धाकटा मुलगा ओरडला, “नाना, आता तुम्ही बसा!” त्याच्या आईने त्याचा दंड धरला.

नानांनी माझ्या वहीकडे बोट केलं. “आकडा काय शे?”

“बेचाळीस.”

“तेचाळीस लिख.”

मी जेवणाऱ्यांच्या रकान्यात खाली लिहिलं, सुपडूनाना. मग त्यांनी पंगतीच्या टोकाची, विस्तवाजवळची जागा दाखवली. “मनं पान वाढ.”

मी केळीचं पान मांडलं. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, चिमूटभर मीठ. जागच्या जागी सगळं वाढलं. नाना मांडी घालून बसले. हात धुतले, पानाभोवती पाणी फिरवलं, भाकरी मोडली, भरतात थोडं मीठ मिसळलं आणि चांगला मोठा घास केला. तो नळी नसलेल्या नाकपुडीशी नेला. वास घेतला. कुणीच जेवत नव्हतं.

मग त्यांनी हात लांब केला आणि तो घास निखाऱ्यांवर ठेवला.

आगारी जिवंत माणसाची देत नाहीत. विजय ताडकन उठले. “नाना, हे काय करताय!”

“बठ,” नाना म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना फार वेळ लागला, आणि आम्ही सगळ्यांनी तो दिला. “अखजीले तुम्ही माले पुरनपोळी टाकशात. तव्हय वांगं कोठे राहस?”

विजय खाली बसले. नानांनी डाव उचलून समोरच्या पातेल्यावर दोन टोले मारले. आम्ही जेवलो. पानात कुणी काही टाकलं नाही.

निघताना मोठ्या गाडीत माणसं कोंबली. नानांना विजय मागून छोट्या गाडीत आणणार होते. माझी वही मांडीवर होती, पातेल्यांची मोजदाद राहिली होती. गाडी बांधावरून वळली तेव्हा मी काचेतून मागे पाहिलं. नाना विस्तवाजवळ उकिडवे बसले होते. हातात काडी घेऊन तो घास फिरवत होते, एक बाजू कच्ची राहू नये म्हणून.